कॉलेजची जुनी दगडी इमारत: चुना की सिमेंट?

सोलापुरात अशा इमारतीची डागडुजी निघाली की कंत्राटदार आधी सिमेंटचं नाव घेतो. काम झटपट होतं, गवंडी सहज मिळतात, हे खरंच. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीतली ओल सिमेंटच्या गिलाव्याआड अडकते. मग पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो, दगडांमधली दरज बोटानं खरवडली तरी भुगा हातात येतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. शिवाय चुना बनवायला उष्णता कमी लागते: तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसवर भाजतो, सिमेंटला १४५० लागतात. चुन्याच्या कामाला वेळ मात्र जास्त लागतो, आणि इथल्या मे महिन्यात ओली गोणपाटं लावून गिलावा जपावा लागतो. तरी मी चुनाच घ्या म्हणेन. काम दिवाळीच्या सुट्टीत काढा. नव्या आरसीसी जिन्याला सिमेंट खुशाल वापरा.