कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स : अवयव पाडताना कंस आला तर?

सीताबर्डीच्या दुकानात हा कॅल्क्युलेटर हातात आला की आधी नागपूर जीपीओचा पिनकोड टाकून बघा. ४४०००१, मग बरोबरची कळ, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाची कळ. तिच्या वर ‘फॅक्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडणं. उत्तर यायला हवं ३ चा वर्ग × ४८८८९. संख्यांच्या गुणधर्मांची गोडी लागलेल्या मुलांसाठी ही एकच कळ अख्ख्या मशीनच्या मोलाची आहे. (नव्या ९९१सीडब्ल्यूमध्ये हीच सोय फॉरमॅट मेनूत गेली आहे.)

मर्यादा दहा अंकांची. दहा वेळा १ लिहा, लगेच ११×४१×२७१×९०९१ मिळतं. अकरावा १ जोडला की मशीन हात टेकतं. त्या संख्येचे अवयव २१६४९ आणि ५१३२३९.

खरी गंमत कंसात आहे. ४२९४९६७२९७ घ्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला ही मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. पडद्यावर येतं ६४१×(६७००४१७). पुष्कळ मुलं कंसातली संख्या मूळ समजून पुढे जातात. इथे ती योगायोगाने मूळ आहेही. पण १०२२११७ टाका, तीही कंसातच येते, आणि ती मूळ नाही.

कारण सोपं आहे. मशीन फक्त ९९७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघतं. पुढची मूळ संख्या १००९. उरलेला भाग १००९ च्या वर्गाहून, म्हणजे १०१८०८१ हून लहान असेल तर तो मूळच असणार, म्हणून ४८८८९ ला कंस नाही. तेवढा किंवा त्याहून मोठा असेल तर मशीन काहीच सांगत नाही, कंस घालून मोकळं होतं.

कंस सोडवायला फर्माचीच रीत वापरा. १०२२११७ चं वर्गमूळ १०११ हून किंचित कमी, म्हणून १०११ घ्या. त्याचा वर्ग १०२२१२१, त्यातून १०२२११७ वजा केले की उरले ४, म्हणजे २ चा वर्ग. झालं: (१०११−२)×(१०११+२), म्हणजे १००९×१०१३. बाकी पूर्ण वर्ग आली नाही तर १०१२, १०१३ असं पुढे जात राहा. दोन अवयव एकमेकांपासून दूर असले तर ही रीत फार रेंगाळते. तिथे १००९, १०१३, १०१९ अशा मूळ संख्यांनी भागत वर्गमूळापर्यंत जाणंच बरं.

पडदा दहा अंक दाखवतो, हिशेब पंधरा अंकांचा असतो. त्यामुळे २ च्या ४० व्या घातातून १०९९५११०००००० वजा केले की लपलेलं शेपूट ६२७७७६ बाहेर येतं. ६० व्या घाताला हे चालत नाही. तो १९ अंकी, शेवटचे अंक मशीनकडेच नसतात.

कंपनीने वापरासाठी ४० अंशांपर्यंतचं तापमान सांगितलं आहे. नागपूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.