सॉफ्टवेअर चांगलंय, सपोर्टला मात्र पाचपैकी दोनच स्टार

बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, नाव नाही घेत. रोजच्या कामाला एकदम झकास, पण अपडेट टाकल्यावर पीडीएफ एक्सपोर्ट बंद पडलं आणि तिथून सपोर्टची खरी ओळख झाली. तिकिटात, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारीत, व्हर्जन नंबर, एरर मेसेजचा स्क्रीनशॉट, लॉग फाईल (सॉफ्टवेअर स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवतं ती), काय केल्यावर एरर येतो ते सगळं स्टेप बाय स्टेप लिहून दिलं, तरी उत्तर काय तर "कृपया कॅशे क्लिअर करून पुन्हा प्रयत्न करा". अहो डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे हे, ब्राउझरचा कॅशे (साठवलेल्या तात्पुरत्या फाईली) साफ करून काय होणार! मग दुसरा माणूस आला, त्याने परत व्हर्जन विचारलं, म्हणजे वरचं कुणी वाचलंच नव्हतं.

बग लगेच फिक्स करा असं माझं म्हणणंच नाही, दुरुस्त केलेलं नवीन व्हर्जन टेस्ट व्हायला वेळ लागतो, तेवढं कळतं. आणि प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला तर ते काय यांचं काम नाही. पण बग आहे हे कबूल करा, तोवर जुन्या व्हर्जनवर कसं जायचं ते सांगा, एवढं तरी हवंच ना? "२४ तासांत प्रतिसाद" लिहिलंय तो प्रतिसाद म्हणजे नुसता ऑटोमॅटिक मेल, प्रॉब्लेम सुटणं वेगळं, हे घेण्याआधी नीट वाचून घ्या.

शेवटी एका मॅडमनी रिमोटवर, म्हणजे इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरवर येऊन जुनं व्हर्जन टाकून दिलं, आधी डेटाचा बॅकअप घ्यायला लावला आणि पासवर्ड मला स्वतःलाच टाईप करायला सांगितला. दोन स्टार त्यांचेच.