बंद कॅम्पेन की खुलं टेबल?

ऑनलाइन आरपीजी (पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचा खेळ) ग्रुप वाढवायचा म्हटलं की सर्व्हर कुठला आणि व्हीटीटी (नकाशा आणि फासे दाखवणारं ऑनलाइन टेबल) कुठला यावरच सगळा काथ्याकूट होतो. त्याने फारसं काही अडत नाही. हाताला बसेल ते घ्या. ग्रुप वाढतो की नाही हे ठरतं खेळ कसा बांधलाय त्यावर. ठरलेल्या चार-पाच जणांचं बंद कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच कथा, की त्या दिवशी जो मोकळा असेल त्याला घेऊन बसायचं खुलं टेबल? मी दोन्ही चालवली आहेत, तीही एकाच ग्रुपमध्ये, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्याच वजनाने घ्या.

बंद कॅम्पेनमध्ये मी जास्त रमलो, हे आधीच कबूल करतो. एका सेशनला आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्राने, गळ्यातलं देवाचं चिन्ह काढून विहिरीत टाकलं. व्हॉइस चॅनेलवर कुणी बोलेना. कुणाच्या तरी माइकमधून पंख्याची घरघर तेवढी येत होती. असा क्षण खुल्या टेबलावर मला अजून लाभलेला नाही. त्यासाठी तीच माणसं महिनोन्महिने एकत्र खेळावी लागतात.

घोडं अडलं ते एका दारापाशी. तळघरातलं दगडी दार, 'रोग'ने (rogue, म्हणजे चोर पात्राने) कुलपात तार घातलेली, फासा पुढच्या वेळी टाकू म्हणून आम्ही थांबलो. पुढचं सेशन नऊला होतं. आठ चाळीसला रोगवाल्याचा मेसेज: आज जमत नाही. त्यापुढच्या वेळी रेंजर आजारी. मग कुणाची परीक्षा, कुणाची नाइट शिफ्ट. सात आठवडे पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, त्या दारासमोर ताटकळत उभी. कुणाची चूक म्हणावी तर तसंही नाही, म्हणून वैताग काढायलाही जागा नाही.

तिसऱ्यांदा सेशन रद्द केलं त्या रात्री लॉबीत तीन नवे जण बसले होते. दोन महिने विचारत होते, "जागा आहे का?" डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) तयार, नकाशा तयार, खेळणारे समोर हजर, आणि खेळ रद्द! कारण जुनी पार्टी तळघरात अर्ध्यावर अडकलेली. यांना मध्येच आणणार कुठून? त्यातले दोघे पुन्हा फिरकले नाहीत. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

खुलं टेबल हे काही नवं खूळ नाही. १९७४ च्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या पुस्तिकेत एका कॅम्पेनला चार ते पन्नास खेळाडू चालतील असं दिलंय, रेफरीमागे, म्हणजे डीएममागे, साधारण वीस. पुढे बेन रॉबिन्स या गेम डिझायनरने आपल्या 'वेस्ट मार्चेस' कॅम्पेनमध्ये त्याला नेटका आकार दिला: ठरलेली वेळ नाही, ठरलेली पार्टी नाही, ठरलेलं कथानक नाही. कधी निघायचं आणि कुठे जायचं हे खेळाडूच आपसात जुळवतात. डीएमच्या मागची कॅलेंडरची कटकट तिथेच संपते.

सगळी गंमत एका नियमात आहे: गावातून निघायचं आणि सेशन संपायच्या आत गावात परतायचं. हा नियम ढिला सोडलात की दार पुन्हा आडवं आलंच. मी अर्धा तास उरला की स्पष्ट सांगतो, आता परतीची वाट धरा. लढाई रंगात असताना हे बोलणं जिवावर येतं, पण बोलावं लागतं.

हिशेब मात्र वाढतो. कोणती पार्टी कोणत्या तारखेला कुठे होती, कुठली पेटी आधीच रिकामी झाली, हे टिपून ठेवलं नाही तर घोळ होतो. १९७९ च्या डीएम गाइडमध्ये या खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्सने काळाची काटेकोर नोंद ठेवा असं मोठ्या अक्षरांत बजावलंय. तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती. पाचव्या लेव्हलचा फायटर आणि पहिल्या लेव्हलचा विझर्ड एकत्र निघाले तर विझर्डवाला थोडा हिरमुसतोही. त्यावर पक्का इलाज मला सापडलेला नाही.

तुमच्याकडे एकमेकांच्या वेळा जुळणारे पाच मित्र असतील आणि तेवढेच पुरेसे असतील, तर बंद कॅम्पेन खुशाल चालवा. नवी माणसं टिकवायची असतील तर मी तरी खुल्या टेबलाकडेच झुकेन.

ते दगडी दार मी खुल्या टेबलाच्या नकाशात जसंच्या तसं उचलून ठेवलं होतं. परवा ते उघडलं, सर्व्हरवर येऊन नऊ दिवस झालेल्या एका मुलीने, दुसऱ्याच फाशाला. जुना रोगवाला त्या दिवशीही नव्हता.