सायकियाट्रिस्टचं क्लिनिक: चार स्टार, एक वेटिंगसाठी कापला

भावाला घेऊन गेलेलो. खरं तर दोन वर्षं आधीच जायला हवं होतं, पण आईचं एकच, नजर लागलीय, मग देवऋषी झाला, अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली, तोवर याची नोकरी गेली, झोप गेली, खिडक्यांना पेपर चिकटवून बसायचा, म्हणे समोरच्या बिल्डिंगवाल्यांना माझे विचार ऐकू जातात.

अपॉइंटमेंट ११ ची, नंबर लागला पावणेदोनला, बसायला खुर्च्या सहाच. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी चांगली ४० मिनिटं दिली आणि आधी भावाशी बोलले, आमच्याशी नंतर, हे फार आवडलं. निदान स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार. स्पष्ट सांगितलं की उपचाराविना जितका काळ जातो तितका औषधाचा गुण उशिरा आणि कमी येण्याची शक्यता वाढते. रागावले नाहीत, पण बाबांची मान खालीच.

गोळ्यांना तीन महिने झाले. त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज बरेच कमी झालेत, वजन मात्र वाढलंय (हे आधी सांगायला हवं होतं राव). खिडकीवरचे पेपर परवा त्यानेच काढले, चिकटपट्टीचे डाग अजून आहेत.

ज्यांना लगेच डॉक्टर गाठणं जमत नसेल त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नाही!

क्लिनिकला पार्किंग नाही, रिक्षाने जा.