बारा वर्षांची डिझेल स्विफ्ट: अकरा महिने, अकरा हजार किलोमीटर

मागच्या डिसेंबरात ही गाडी बघायला ठाण्याला गेले ती सकाळी साडेसहाला. गाडी माझ्या मावशीच्या यजमानांची. 2013 ची मारुती स्विफ्ट व्हीडीआय, मीटरवर 71,300. काकांना फोनवर बजावून ठेवलं होतं की मी येण्याआधी स्टार्ट करू नका. ही अट आमच्या भांडुपच्या मेकॅनिककाकांची. जुनी डिझेल गाडी गरम झालेली असताना कधी बघायची नाही, म्हणाले, गरम इंजिन सगळे आजार लपवतं. ते माझ्यासोबत आले होते. त्यांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला, थंडगार. मग मला चावी फिरवायला लावली, ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणारी कांडी) पिवळा वेटोळा दिवा विझेपर्यंत थांबवलं, आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. पहिल्या फटक्यात लागली. करड्या धुराचा एक फुस्कारा आला आणि दोन सेकंदांत विरला.

"निळा नाही, म्हणजे ऑईल जळत नाही. पांढरा रेंगाळत नाही. घ्या ताई."

आज मीटरवर 82,640 आहेत. या अकरा महिन्यांत सहा वेळा देवरुख, एकदा नागपूर, एकदा हंपी, एकदा देवरुखवरून कोल्हापूर, आणि वाई-नाशिक अशा बारीकसारीक फेऱ्या. मी मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टात. रोज लोकलने जाते. म्हणजे ही गाडी घेतली ती फक्त लांब जायला, आणि पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

गाडी घेतली तेव्हा घरात आणि ऑफिसात एकच प्रश्न आला: डिझेल? आता? प्रश्न रास्त होता. एप्रिल 2020 मध्ये बीएस 6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. माझ्या गाडीतलं 1248 सीसीचं इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट. मारुतीने ते डीडीआयएस म्हणून लावलं, टाटांनी क्वाड्राजेट म्हणून. इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. याचा फायदा मला रस्त्यावर कळतो. तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्यालासुद्धा हे इंजिन पाठ असतं. फिल्टर, बेल्ट, ग्लो प्लग, कशासाठीही अडून राहावं लागत नाही. टायमिंगला चेन आहे, पट्टा नाही, त्यामुळे अमुक किलोमीटरला पट्टा बदला हा खर्चही नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी लिहायला बसले. या गाडीने घाट चढण्यात जे सुख आहे ते मला आधीच्या दोन पेट्रोल गाड्यांत मिळालं नव्हतं. कारण कागदावरही दिसतं. त्याच काळातल्या पेट्रोल स्विफ्टचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 114 न्यूटन मीटर, आणि तोही 4000 आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांना. डिझेलचा 190, 2000 आरपीएमला. म्हणजे इंजिन आरडाओरडा न करता, निम्म्या फेऱ्यांत, दीडपटीहून जास्त ओढतं.

जुलैत आईला कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला नेलं. देवरुखहून साखरप्याला आलो आणि आंबा घाट लागला. पाऊस संततधार, धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसायचे. गाडीत आम्ही चौघं, मागे सामान, एसी चालू, कारण काचा धुरकटत होत्या. पेट्रोल गाडीत अशा वेळी माझी सगळी शक्ती पिकअप सांभाळण्यात जायची. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा, इंजिन केकाटतंय, आणि मागे बसलेल्यांना ते कळतंय. इथे तिसऱ्या गिअरमध्ये, काटा 2000 च्या किंचित वर, गाडी एका लयीत चढत राहिली. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकलेला. ट्रकने वाट दिली तेव्हा अंगठ्याने जरासं दाबलं, पाठीला सीटचा हलका टेका लागला, आणि आम्ही पुढे. आई मागे झोपली होती. घाट संपून आंबा गाव आलं तेव्हा जागी झाली आणि म्हणाली, "घाट लागला नाय अजून?"

यातली मेख मला शिकायला तीनेक ट्रिप गेल्या. लहान टर्बो डिझेलचा हा स्वभावच आहे की अठराशे आरपीएमच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, झोपलेला असतो. हेअरपिनमध्ये तिसऱ्यावर वळलात तर वळण सुटताना गाडी क्षणभर मेल्यासारखी होते, आणि मागून एसटी येत असेल तर तो क्षण फार मोठा वाटतो. उपाय सोपा: वळणाच्या आत शिरायच्या आधी दुसरा टाकायचा, वळणाच्या मध्यात नाही. एकदा हे पायात बसलं की काट्याकडे बघावंही लागत नाही, आवाजावरून कळतं. बाराशेला खडखड, सोळाशेला घरघर, आणि मग एक बारीक शिट्टी येते, ती ऐकू आली की समजायचं आता गाडी ओढणार. उतरताना एसटीच्या ड्रायव्हरांचा जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक तापत नाहीत आणि पाय दुखत नाही.

दुसरं सुख टाकीचं. 42 लिटरची टाकी. हायवेला ऐंशी-नव्वदने चालवलं तर मला लिटरला 20 ते 21 मिळतात, टाकी फुल ते टाकी फुल मोजून. मुलुंड ते देवरुख साधारण तीनशे किलोमीटर. म्हणजे मुलुंडला भरली की जायचं, तिकडे मार्लेश्वर, हेदवी, कुठे कुठे हिंडायचं, आणि परत येऊन मुलुंडलाच भरायची. 2025 मध्ये डिझेल मुंबईत नव्वदीच्या आसपास होतं, पेट्रोल एकशे तीनच्या वर. लिटरमागे रुपये वाचतात ते आहेच. पण खरी मोकळीक अशी की वाटेत पंप शोधायचाच नाही. गणपतीत वडखळपासून पंपांवर रांगा लागलेल्या असतात, आम्ही सरळ पुढे जातो. पहाटे साडेचारला निघून ऐरोली पूल, पनवेल, पेण. कोलाडला चहा. कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे टळतो. सावर्ड्यापर्यंत आलो की आईचा आवाज बदलतो, गावची माणसं आठवायला लागतात. मुंबई-गोवा रस्ता चौपदरी व्हायला 2011 ला घेतला तो अजून पूर्ण नाही, मध्येच डायव्हर्जन, मध्येच खडी. या खडीवरून पहिल्या-दुसऱ्यात तासन् तास रांगताना डिझेलचा खालचा दम पुन्हा उपयोगी पडतो. क्लच सोडला की गाडी ॲक्सिलरेटर न देताही चालत राहते.

डिझेल कमी का पितं ते मेकॅनिककाकांनी एकदा बॉनेट उघडून समजावलं होतं. यात स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं. या इंजिनात हवा 17.6 पट लहान जागेत दाबली जाते, पेट्रोलमध्ये दहा-अकरा पट. जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही जास्त असते.

त्यांनीच एक सवय लावली. लांबून किंवा घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, एक मिनिट चालू ठेवायचं. टर्बोची चकती मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेते, आणि तिच्या दांड्याला वंगण इंजिनच्या ऑईलचंच. इंजिन बंद केलं की ऑईलचा दाब संपतो, पण टर्बो गरमच असतो. मग तिथलं ऑईल करपतं. आता घरात सगळ्यांना हे माहीत झालंय. देवरुखला अंगणात गाडी लावली की कोणी लगेच उतरत नाही. आई पदर सारखा करते, समोर घराकडे बघत राहते. गेल्या वेळी त्या मिनिटात म्हणाली, "पडवीची कौलं या वर्षी बदलायला हवीत गो." आधीच्या गाडीत आम्ही दार उघडून सरळ सामान काढायला धावायचो. हे मिनिट मला आवडायला लागलंय.

तक्रारीचा एकच प्रसंग, पण तो सांगायलाच हवा. त्याच कोल्हापूरच्या फेरीत, परत निघताना अर्धी टाकी होती तरी वाटेतल्या एका पंपावर भरून घेतली. पाऊस मुसळधार होता. आंबा घाट उतरताना डिझेल फिल्टरचा दिवा लागला, आणि गाडी एकदोनदा हिसकली. साखरप्यात पोचल्यावर पहिल्याच गॅरेजपुढे थांबवली. तिथल्या मुलाने फिल्टरखालचा स्क्रू सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. बाटली उजेडात धरून मला दाखवली: वर पिवळसर डिझेल, तळाशी बोटभर स्वच्छ पाणी, मधली रेघ पट्टीने आखावी तशी सरळ. दोनदा तसंच काढलं, तिसऱ्यांदा पाणी आलं नाही. मुंबईत आल्यावर फिल्टर बदलला, टाकी साफ करून घेतली. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर वंगणासाठी डिझेलवरच जगतात, त्यात पाणी गेलं तर खर्च पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकतो. तो दिवा लागला तर "गावात बघू" म्हणून पुढे जाऊ नका. आणि पावसाळ्यात अनोळखी पंपावर भरायची वेळ येऊच देऊ नका, एवढी मोठी रेंज आहे ती त्यासाठीच.

बाकी खर्च सुसह्य. घेतल्या घेतल्या सगळे कूलंट होज बदलले. वरचा होज मेकॅनिककाकांनी दोन बोटांनी दाबून दाखवला, अति पिकलेल्या चिकूसारखा दबला. रबर बारा वर्षांचं, त्याचा दोष नाही. टायर चारही नवे टाकले. ऑईल दर दहा हजार किलोमीटरला बदला असं कंपनी सांगते, मी साडेसात हजारालाच बदलते.

समृद्धीबद्दल थोडंच. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटर सलग झाले, म्हणून ऑगस्टात नागपूरला भाच्याच्या मुंजीला गाडीनेच गेलो. पाचव्यात शंभरला काटा चोवीसशेच्या आसपास, इंजिनला काहीच कष्ट नाहीत. पण मला त्या रस्त्यावर मजा आली नाही. वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, डोळ्यांवर झापड येते. दर दीड तासाला सक्तीने थांबलो. काँक्रीट तापलेलं असतं, त्यामुळे टायरची हवा निघताना, टायर थंड असतानाच बघा.

कोणी घेऊ नये तेही सांगते. रोज पाच-सात किलोमीटर एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर ही गाडी घेऊ नका. इंजिन नीट तापतच नाही, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचत जाते, क्लच जड असल्याने डावा पाय भरून येतो. आणि हवेचा मुद्दा मी टाळणार नाही. माझ्या गाडीसारख्या बीएस 4, म्हणजे आधीच्या नियमांच्या, डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर नाही, ती मुंबईच्या हवेत जाते, आणि मी त्याच हवेत श्वास घेते. म्हणून शहरात ती जवळजवळ चालवतच नाही. भाजीला चालत, ऑफिसला लोकल, दादरला आत्याकडे लोकल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा वाद चालूच आहे. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे तपासणी आणि ग्रीन टॅक्स भरून वाढवता येतं. माझ्या गाडीला 2028 पर्यंत वेळ आहे. घ्यायची असेल तर आरसीवरची तारीख आधी बघा, मग रंग.

एअरबॅग नाहीत, ही माझ्या मनातली मोठी बोच आहे. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती 2019 मध्ये, त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत ती नसायचीच. मी त्यावर माझ्यापुरता मार्ग काढला आहे: कोकण रस्त्यावर ऐंशीच्या वर नाही, रात्री आठनंतर चालवायचं नाही, मागच्या सीटवरही पट्टा. आईला आधी पट्टा नको असायचा, आता स्वतःच मागते.

दिवाळीनंतर आंबोली घाटाने सावंतवाडी, तिथून वेंगुर्ला असं ठरलंय. त्याआधी क्लच प्लेट बदलायला गाडी सोमवारी भांडुपला जाईल. बुधवारी मिळाली तर शुक्रवारी पहाटे निघायचं.