लिंबूवर्गीय सालीचं तेल: दाबून, वाफेवर की सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने?

आधी साल बघा. ताजी साल रोज हाताशी येत असेल, तर दाबूनच तेल काढावं. तेलाच्या ग्रंथी सालीच्या रंगीत थरात, अगदी वरच असतात. खरवडलं की फुटतात. पाण्याच्या फवाऱ्यानं धुतलेलं तेल सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वेगानं फिरवणाऱ्या यंत्रातून, पाण्यापासून वेगळं करायचं, की झालं. उष्णता नसल्यानं वास ताज्या फळाचा राहतो. मात्र सोबत मेण आणि फ्युरोकुमारिन ही उन्हात त्वचेला बाधणारी संयुगंही येतात. असं तेल अंगाला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते.

वाफेच्या ऊर्ध्वपातनात ही जड फ्युरोकुमारिनं मागेच राहतात आणि यंत्रही साधं असतं. पण आंबट, उकळत्या पाण्यात सिट्राल आणि लिनालिल अॅसिटेट ही वासाची नाजूक संयुगं मोडतात. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन हे एकच संयुग असतं, तिथे हे खपून जातं. लिंबू आणि बर्गमॉट (अत्तरात वापरलं जाणारं लिंबूवर्गीय फळ) यांच्यात नाही.

कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या वर सुपरक्रिटिकल होतो, म्हणजे वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेत जातो आणि सालीतलं तेल विरघळवून घेतो. सालीच्या तेलाला ४० ते ५० अंश आणि ८० ते १०० बार पुरतात; एवढ्या दाबाला फ्युरोकुमारिनं फारशी येत नाहीत. जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं तेल, या समजुतीत अडकू नये: २०० बारच्या पुढे मेण आणि रंगद्रव्यंही ओढली जातात आणि हाती घट्ट अर्क येतो. वायूतून अर्क वेगळा करणारी भांडी, म्हणजे सेपरेटर, दोन लागतात. पहिला शून्याच्या आसपास थंड, त्यात मेण बसतं. दुसऱ्यात दाब १५ ते २० बारवर आणला की तेल सुटतं.

खरा त्रास पाण्याचा. ताज्या सालीत ते ७५ ते ८० टक्के असतं. त्यातलं थोडं वायूबरोबर पुढे येतं आणि दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, वायू प्रसरणानं गार पडतो तिथेच, बर्फ धरतं. प्रवाह आधी झटके देतो, मग थांबतो आणि व्हॉल्व्हच्या अलीकडचा दाब चढू लागतो. व्हॉल्व्ह गरम ठेवावाच, पण साल १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेलीही हवी. गोची अशी, की ४० अंशांवर वाळवतानाही लिमोनीन उडतं; म्हणजे जे काढायचं तेच हवेत जातं. फ्रीझ-ड्रायिंगनंही हे पूर्ण टळत नाही.

वाळलेल्या सालीची भरड अर्धा ते एक मिलिमीटरची ठेवावी. पीठ झालं तर थर घट्ट बसतो, वायू एका बाजूनं वाट काढतो आणि बाकीची साल तशीच राहते. दाब एकदम सोडला तर ओ-रिंगच्या (सांधा बंद ठेवणाऱ्या कड्याच्या) रबरात मुरलेला वायू तिला आतून चिरतो. ईपीडीएम हे रबर तर लिमोनीननंही फुगतं. पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) सील घ्यावेत. पंपाचं डोकं थंड हवं, नाहीतर त्यातल्या द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची वाफ होऊन पंप नुसताच फिरतो. गळतीसाठी जमिनीलगत कार्बन डायऑक्साइडचाच डिटेक्टर बसवावा. ऑक्सिजन मीटर बोलेपर्यंत उशीर झालेला असतो.

एवढा खटाटोप लिंबू किंवा बर्गमॉटसाठी, तेही साल वाळलेलीच मिळत असेल आणि फ्युरोकुमारिन नको असेल, तर परवडतो. नुसत्या संत्र्याच्या सालीसाठी नाही.