गड्ड्याच्या जत्रेत फिरून आल्यासारखा पिक्चर: इंटरनॅशनल हाऊस (१९३३)

मे महिन्यातली सोलापूरची दुपार म्हणजे काय ते सांगायला नको, कूलरमध्ये दोन घागरी पाणी ओतून मी, आप्पा आणि सुट्टीला आलेला भाचा असे तिघं टीव्हीसमोर पडलेलो, म्हटलं एक जुनं काहीतरी लावू. भाचा लगेच तोंड वाकडं करून, "ब्लॅक अँड व्हाइट काय लावायलालास मामा". मी म्हटलं सव्वा तासाच्या आत संपतोय, गप बघ.

पिक्चर पॅरामाउंटचा, दिग्दर्शक ए. एडवर्ड सदरलँड. १९३३ म्हणजे आपला मराठी बोलपट नुकता कुठं वर्षाचा झालेला आणि सोलापुरात चार हुतात्म्यांच्या फाशीला दोनच वर्षं झालेली, त्या काळात हे लोक टीव्ही ह्या विषयावर कॉमेडी करत होते! चीनमधल्या वूहू गावात एक मोठं हॉटेल, तिथं डॉक्टर वाँगनं रेडिओस्कोप नावाचं यंत्र बनवलंय, म्हणजे टीव्हीच की, फक्त त्याला कॅमेरा नको न् स्टेशन नको, जगात कुठं काय चाललंय ते सरळ पडद्यावर. मग त्याचे हक्क घ्यायला देशोदेशीची माणसं हॉटेलात गोळा होतात, मधेच गोवर आला म्हणून हॉटेल क्वारंटाइन, आणि तो शब्द ऐकून आप्पा उठून बसले, "आपल्यासारखंच की हे."

गंमत अशी की त्या डॉक्टरला बघायचीये न्यूयॉर्कची सहा दिवसांची सायकल शर्यत, आणि बटणं फिरवली की लागतंय भलतंच गाणं. परत फिरवतो, परत दुसरंच गाणं. मला एकदम आमची जुनी गच्ची आठवली, रविवारी सकाळी मी वर अँटेनाची दांडी धरून उभा, खालून आप्पा ओरडणार "मुंग्या आल्या, थोडं डावीकडं... गेलं, गेलं, होता तिथंच धर!" आणि मी धरून ठेवायचो, मालिका बाकीचे बघायचे. १९३३ साली ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी टीव्ही असायचा प्रश्नच नव्हता तरी त्याला हे कसं काय सुचलं असेल!

स्टोरी म्हणाल तर एवढीच. ज्याला स्टोरीच पाहिजे त्यानं लावूच नये, उगाच शिव्या घालाल. हा पिक्चर जानेवारीतल्या आपल्या गड्ड्यासारखाय, होम मैदानावर कसं एका तंबूतून निघालो की दुसऱ्यात, इकडं पाळणा, तिकडं जादूवाला, मधेच भेळ, तसं. रेडिओवर गाजलेले लोक उचलून आणलेत आणि प्रत्येकाला आपापला तंबू दिलाय. काही तंबू एक नंबर, काही नुसतेच उभे केलेत.

एक नंबर म्हणजे डब्ल्यू. सी. फील्ड्स. हे बुवा ऑटोजायरोतून, म्हणजे हेलिकॉप्टरचा चुलतभाऊ म्हणा, बियर पीत पीत रिकाम्या बाटल्या खाली टाकत येतात. जायचं होतं कॅन्सस सिटीला, उतरले चीनमध्ये, आणि वर थाट असा की हरवलेत ते नाहीत, कॅन्सस सिटीच हरवलीये. अमेरिकेत दारूबंदी तेव्हा पुरती उठली पण नव्हती, एप्रिल १९३३ मध्ये हलकी बियर तेवढी सुटली होती, त्यामुळं थिएटरात त्या बाटल्यांना काय हशा पडला असेल विचार करा. गायक रुडी व्हॅली रेडिओस्कोपच्या पडद्यावर गात असतो तर फील्ड्स त्यालाच टोमणे मारतो आणि तो पडद्यातून ह्याला गप बसायला सांगतो. इथं भाच्यानं मोबाईल खाली ठेवला, मी बघितलं.

बर्न्स आणि ॲलन ही विनोदी जोडी, खऱ्या आयुष्यातपण नवरा-बायको, इथं तो डॉक्टर, ती नर्स. ती बाई सरळ प्रश्नाला असं काही सरळ चेहऱ्यानं उत्तर देते की समोरच्याला वाटावं आपलंच डोकं फिरलंय. हसून हसून ठसका लागला. आणि बेला लुगोसी! दोन वर्षं आधी ड्रॅक्युला झालेला माणूस, इथं पेगी हॉपकिन्स जॉयसचा जळका माजी नवरा. ती बाई पिक्चरमध्ये स्वतःच्याच नावानं आहे, श्रीमंत नवऱ्यांपायी तेव्हाच्या पेपरात गाजलेली. ॲक्टिंग जेमतेम, पण चालून जातंय.

गाण्यांत बेबी रोझ मेरी ऐकाच. नऊ वर्षांची पोर, आणि आवाज असा घोगरा, दुखावलेल्या मोठ्या बाईसारखा. ऐकून कौतुक वाटतं न् थोडं विचित्रपण. कॅब कॅलोवेचं 'रीफर मॅन' म्हणजे सरळसरळ गांजावरचं गाणं, डबल बासवाला तारेत असल्यासारखा वाजवत सुटलाय आणि कॅलोवे त्याच्याकडं बघत गातोय. पुढच्याच वर्षी, १९३४ ला, सेन्सॉरचे नियम कडक झाले, मग असलं काही दाखवायची सोय राहिली नाही.

आता खटकलेलं. डॉक्टर वाँग चिनी, पण काम करणारा एडमंड ब्रीस गोरा, मेकप चोपडलेला. गाव चीनचं आणि चिनी माणसं नुसती शोभेला. तेव्हा चालायचं असलं, म्हणून आज गोड लागत नाही. स्टूपनॅगल आणि बड ही जोडी आली तेव्हा मी चहा टाकायला उठलो, काही चुकलं नाही. कपबशीच्या प्रेमाचं एक लांबलचक नाचगाणंय, ते दिसायला भारी पण जरा ओढलंय.

आमची प्रिंट मात्र बेक्कार होती, सबटायटल मशीननं केलेले, फील्ड्स पुटपुटायला लागला की खाली भलतंच काहीतरी यायचं, त्यात कूलरचा आवाज. निम्मे शाब्दिक विनोद तिथंच गेले, शक्य असेल तर नीट सबटायटलवाली कॉपी बघा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. भाच्यानं तीन दिले. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "मार्क राहू दे, ते गांजावालं परत लाव."